लग्न झालेलं नाही, पण सोबत जायचंय: वाचकांचे प्रश्न

यावेळी व्हिसाचे प्रश्न इतके आलेत की बाकी सगळं पुढच्या अंकात ढकललंय. बडोद्यात हे नवीन नाहीच, अलकापुरीत मान वर केली की कॅनडाचा बोर्ड दिसतो. पण यंदा बऱ्याच पत्रांत लग्न न झालेली जोडपी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाला कोणीतरी "काही नाही हो, होऊन जाईल" असं सांगितलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांची, कारेलीबागला आईबाबांकडे राहते. बॉयफ्रेंड कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे, मागच्या वर्षी त्याला पीआर (तिथे कायम राहायची परवानगी) मिळाला. एमएसयूला (इथल्या युनिव्हर्सिटीत) असल्यापासून आमचं आहे, पण एकत्र कधी राहिलो नाही, तो इकडे येतो तेव्हा भेटतो बस. माझ्या घरी माहितीये, त्याच्या घरी नाही आणि कळलं तर मोठा राडा होईल. एक एजंट म्हणतो कॉन्जुगल पार्टनरमध्ये फाइल टाकू, लग्नाची गरजच नाही, थई जशे, होऊन जाईल. ॲडव्हान्स मागतोय. भरू का?

उत्तर: नको भरूस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

कॅनडाच्या फॅमिली स्पॉन्सरशिपमध्ये जोडीदाराचे तीनच प्रकार आहेत. एक म्हणजे लग्नाचा नवरा-बायको. दुसरा कॉमन-लॉ पार्टनर, म्हणजे लग्न नाही पण नवरा-बायकोसारखे सलग कमीत कमी १ वर्ष एका घरात राहिलेले. आणि तिसरा तुझा एजंट म्हणतोय तो कॉन्जुगल. बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंड असा प्रकार नाही, साखरपुडा झालेले असाही नाही, पूर्वी फियान्सेचा होता तो २००२ मध्ये नवीन कायदा आला तेव्हा गेला.

आता कॉन्जुगल कोणासाठी आहे ते बघ. जोडीदार कॅनडाबाहेर आहे, नातं लग्नासारखं आहे आणि किमान वर्षभराचं आहे, आणि दोघांना लग्नही करता येत नाही, एकत्रही राहता येत नाही, कारण मधे काहीतरी खरीखुरी अडचण आहे जी त्यांच्या हातात नाही. उदाहरणार्थ देशात घटस्फोटच मिळत नाही, किंवा दोघं एकाच लिंगाचे आहेत आणि कायदा लग्न लावत नाही. तुझ्या फाइलवर ऑफिसर पहिला प्रश्न हाच विचारणार की मग लग्न का नाही केलंत, आणि त्याला "त्याच्या घरचे नाराज होतील" हे उत्तर सहसा पुरत नाही, कारण तुम्ही दोघं सज्ञान आहात आणि इकडचा कायदा तुम्हाला लग्न करू देतो. शिवाय नुसती वर्षं मोजून लग्नासारखं नातं ठरत नाही. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ च्या एका निकालात यासाठी काय काय बघायचं ते सांगितलंय, म्हणजे एकत्र राहणं, शारीरिक आणि खाजगी नातं, एकमेकांची कामं करणं, लोकांत जोडीने वावरणं, पैशांचा आधार, मुलं, आणि समाज तुम्हाला जोडपं मानतो का. सगळं असावंच लागतं असं नाही, पण त्याच्या घरी तुझं नावसुद्धा माहीत नाही म्हणजे शेवटची गोष्ट तर गेलीच ना.

मग तुमच्यापुढे उरतात दोन रस्ते. लग्न करा, किंवा वर्षभर एकत्र राहा. लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टने करणार असाल तर दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, मग नोटिशीचे ३० दिवस, मग तीन साक्षीदार. म्हणजे त्याला आठवड्याची सुट्टी काढून चालणार नाही, आणि ती नोटीस ऑफिसात लागते, तेव्हा गुपचूप राहील या भरवशावर तर अजिबात राहू नका. दोघंही हिंदू असाल तर हिंदू विवाह कायद्याने विधी करून नंतर रजिस्ट्रेशन, ते लवकर होतं. काहीही केलंत तरी दोघं एकाच जागी हजर पाहिजेत, व्हिडिओ कॉलवर किंवा कोणाला आपल्या वतीने उभं करून लावलेलं लग्न कॅनडा २०१५ पासून इमिग्रेशनसाठी धरत नाही. एकत्र राहायचं म्हटलं तर तू व्हिजिटर व्हिसावर जाऊन, मुदत वाढवून, तिकडे १ वर्ष पूर्ण करू शकतेस, लोक करतात, पण व्हिसा मिळेलच असं नाही आणि त्या काळात नोकरी करता येत नाही.

एक चांगली गोष्ट, तुम्ही कधी एकत्र राहिला नव्हता म्हणून पीआरच्या वेळी त्याने स्वतःला सिंगल लिहिलं ते खरंच होतं. आता लग्न केलंत तर त्यावरून काही अडणार नाही. (हे का महत्त्वाचं ते पुढे तिसऱ्या प्रश्नात येईल.)

आणि एजंटबद्दल. पैसे घेऊन कॅनडाच्या फाइलवर काम करायची परवानगी फक्त तिथल्या वकिलांना, पॅरालीगलना आणि तिथल्या कन्सल्टंट कॉलेजच्या लायसन्सवाल्यांना आहे, क्विबेकचे नोटरी धरून. त्या कॉलेजची यादी नेटवर सगळ्यांना उघडी आहे, नाव टाकून बघ. सापडलं नाही तर चहा पिऊन ये फक्त.

प्रश्न: नमस्कार, आम्ही दोघं गोत्रीला फ्लॅट भाड्याने घेऊन १४ महिने राहतोय. ती मराठी, मी गुजराती. मी कॅनडाचा सिटिझन आहे, आईच्या आजारपणासाठी परत आलो होतो, आता पुढच्या वर्षी जायचंय आणि तिला कॉमन-लॉ म्हणून स्पॉन्सर करायचंय, आम्हाला दोघांनाही लग्न तूर्तास नकोय. अडचण अशी की घरमालक फॅमिलीशिवाय देत नव्हते म्हणून ॲग्रीमेंटमध्ये आम्ही पती-पत्नी लिहिलंय. लाइटबिल मालकाच्या नावावर, तिचं आधार अजून दांडिया बाजारच्या घराचं. पुरावा म्हणून नक्की काय देणार आम्ही? एका ओळखीच्यांनी मागच्या तारखेचा नवीन करार करून देतो म्हटलंय.

उत्तर: आधी सोप्पं. तू सिटिझन आहेस म्हणून इकडे बसून फाइल करू शकतोस, फक्त तिला पीआर मिळाल्यावर तू परत तिकडे राहायला जाणार हे दाखवावं लागेल, म्हणजे तिथली नोकरीची बोलणी, घराची चौकशी, असं काहीतरी कागदावर. नुसता पीआरवाला असतास तर तुला कॅनडात राहूनच करावं लागलं असतं.

आता मागच्या तारखेचा करार. ते ओळखीचे गृहस्थ भले असतील पण त्यांना हात जोडा. हल्ली ई-स्टॅम्प असतो, त्यावर काढल्याची तारीख-वेळ छापलेली असते, आणि समजा कसाबसा झाला तरी खोटा कागद सापडला तर मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा ठपका, लागतं, ५ वर्षं कॅनडाचं दार बंद. तुमचं एकत्र राहणं खरं आहे हो, खऱ्या गोष्टीला खोटा पुरावा जोडायचा म्हणजे काय.

तुमची खरी पंचाईत वेगळी आहे आणि ती बडोद्यातल्या, खरं तर आपल्याकडच्या सगळ्याच अशा जोडप्यांची आहे. सोसायटीत कळू नये म्हणून जे जे लपवलं, आधारचा पत्ता, बँकेची पत्रं आईच्या घरी, दारावरच्या पाटीवर एकाचंच नाव, नेमकं तेच सगळं ऑफिसर मागतो. शेजारपाजाऱ्यांपासून यशस्वीपणे लपवलेलं घर ऑफिसरलाही दिसत नाही. म्हणून आजपासून उलटं करायला लागा.

ॲग्रीमेंटचं असं करा, तो करार लपवू नका, फाइलला लावा आणि सोबत दोघांच्या सहीचं एक पत्र, की मालक अविवाहितांना घर देत नव्हते म्हणून असं लिहिलं गेलं, आमचं लग्न झालेलं नाही. फॉर्ममध्ये कॉमन-लॉ आणि करारात पती-पत्नी, असं खुलाशाशिवाय गेलं तर ऑफिसरला वाटणार की हे लग्न लपवतायत किंवा नातं बनवून सांगतायत, दोन्ही वाईट. ज्यांनी अजून घर घेतलं नाहीये त्यांनी दोघांची नावं लिहा, नातं लिहायची गरज नसते, आणि मालक ऐकतच नसेल तर दुसरा बघा. भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन करताना दोघांचेही फॉर्म द्या, त्याची पोच जपून ठेवा.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणाच्या लक्षात येत नाही. आपले करार ११ महिन्यांचे असतात! १ वर्ष सिद्ध करायचंय आणि हातात ११ महिन्यांचा कागद. तेव्हा रिन्यूअलचा दुसरा करार हवाच, आणि मधे दोन महिने तोंडी चाललं असेल तर त्या महिन्यांचं भाडं यूपीआयने किंवा चेकने गेलेलं बँक स्टेटमेंटमध्ये दिसायला हवं. रोख देत असाल तर आजच बंद करा.

लाइटबिल मालकाच्या नावावर असतं हे ठीक आहे, एमजीव्हीसीएलचं बिल तुमच्या खात्यातून भरलेलं दाखवा. गॅसचंही तसंच. तिचं आधार गोत्रीच्या पत्त्यावर करून घ्या, आईला काय सांगायचं ते तिचं तिने ठरवावं पण करून घ्या. जॉइंट खातं उघडा, मात्र उघडून त्यात हजार रुपये टाकून विसरू नका, किराणा भाडं दूधवाला सगळं त्यातून जाऊ द्या. एकमेकांना नॉमिनी करा जिथे होतं तिथे. दोघांच्या नावाने त्याच पत्त्यावर आलेली पार्सलं, कुरिअर, हॉस्पिटलच्या फाइलवर इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून लिहिलेलं नाव, ही असली किरकोळ कागदं पुष्कळदा नोटरीच्या भारी कागदापेक्षा जास्त बोलतात, कारण ती कोणी व्हिसासाठी बनवलेली नसतात.

फोटो द्या पण शंभर सेल्फी नकोत. चार माणसांत काढलेले द्या, नवरात्रातले गरब्याचे, दांडिया बाजारच्या गणपतीतले, तुझ्या आईच्या वाढदिवसाचे, खाली तारीख आणि कोण कोण आहे ते. तुझ्या आईने तिला सून म्हणून मानलंय असं तू पुढे लिहिलंयस, तर आईचं पत्र घे ना, दोन मित्रांची घे, घरमालकाचं घे. मालक गुजरातीत लिहून देतील, त्याचं इंग्लिश भाषांतर लागेल, आणि ते घरातल्या कोणी केलेलं चालत नाही, कितीही चांगलं इंग्लिश असलं तरी.

मैत्रीकरार करून टाकू का असंही विचारलंयस. गुजरातेत मैत्रीकरार, म्हणजे लग्न न करता सोबत राहायचा लेखी करार, जुनाच प्रकार आहे, सत्तरच्या दशकात तर फार गाजला होता. करायला हरकत नाही, पण तो एका दिवसाचा कागद, त्या दिवशी दोघांनी काय कबूल केलं एवढंच सांगतो, मागचे १४ महिने एका घरात काढले हे सांगत नाही. कॅनडाचा स्वतःचा कॉमन-लॉ युनियनचा फॉर्म आहे ५४०९ नंबरचा, शपथेवर सही करायचा, तो भरा.

मधे कामासाठी एखादा आठवडा कोणी बाहेर गेलं तर वर्ष मोडत नाही. पण ती महिनोन् महिने माहेरी राहिली असेल तर ते लिहा आणि का ते सांगा.

एवढं सगळं वाचून दमला असाल तर सांगते, लग्नाचं सर्टिफिकेट असतं तर यातला वर्ष सिद्ध करायचा भाग गेला असता, नातं खरं आहे हे मात्र तरीही दाखवावंच लागतं. आणि दोन्हीकडे जबाबदारी तीच. तिला पीआर मिळाल्या दिवसापासून ३ वर्षं तिच्या मूलभूत खर्चाची हमी तुझी, मधे ब्रेकअप झालं तरी हमी सुटत नाही. लग्न नकोय म्हणजे बंधन नकोय असं मनात असेल तर आधी हे दोघांनी बसून वाचा.

प्रश्न: माझी एक्स्प्रेस एंट्रीची (कॅनडाच्या पॉइंट्सवरच्या पीआरची) फाइल चालू आहे, बहुतेक दोन-तीन महिन्यांत पीआर येईल. वाघोडिया रोडला मैत्रिणीबरोबर दीड वर्षं राहतोय. फॉर्म भरणाऱ्याने सिंगल लिहिलं, म्हणाला पॉइंट्स चांगले येतात, तिला नंतर बोलावून घे. लग्न करून स्पॉन्सर केलं की प्रॉब्लेम नाही ना?

उत्तर: प्रॉब्लेम आहे आणि मोठा आहे, हे पत्र वाचून मी जेवण बाजूला ठेवून तुला इमेल केलाय, इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

दीड वर्षं नवरा-बायकोसारखे राहताय म्हणजे कॅनडाच्या हिशोबाने तू सिंगल नाहीस, कॉमन-लॉ आहेस. तिकडच्या इमिग्रेशन नियमांत ११७(९)(ड) असं एक कलम आहे. पीआर घेताना जो जोडीदार होता आणि ज्याला दाखवलं नाही, ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे फॅमिली क्लासमध्ये स्पॉन्सर करता येत नाही. नंतर लग्न केलं तरी ते धुतलं जात नाही, कारण बघतात ते तेव्हाचं नातं. न दाखवलेल्या जोडीदारांसाठी २०१९ मध्ये एक तात्पुरती सवलत सुरू झाली खरी, पण ती निर्वासित म्हणून गेलेल्यांना आणि स्वतः कोणाच्या तरी स्पॉन्सरशिपवर गेलेल्यांना, एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांना नाही. मग उरतो फक्त मानवतेच्या कारणावरचा अर्ज, तो मान्य होईल याची हमी कोणी देत नाही. आणि खोटं लिहिलं म्हणून तुझा स्वतःचा पीआर धोक्यात, ते वेगळंच.

तुझं नशीब एवढंच की पीआर अजून हातात आलेला नाही. आत्ता कळव. कॅनडा इमिग्रेशनच्या वेबफॉर्मने लिही की माझी कॉमन-लॉ पार्टनर आहे, अमुक तारखेपासून, तिची माहिती आणि कागद जोड. ती सोबत येणार की नंतर ते तू निवडू शकतोस, नंतर म्हटलंस तरी तिचं मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स आत्ताच व्हायला हवं, म्हणजे पुढचा रस्ता उघडा राहतो. पोलीस क्लिअरन्स आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, मेडिकल मात्र त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच, फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. पॉइंट्स कमी होतील का? होऊ शकतात. तुझा स्कोअर कटऑफच्या अगदी काठावर असेल तर फाइल अडूही शकते, म्हणून हे कळवायच्या आधी लायसन्सवाल्या माणसाकडून एकदा गणित करून घे, ज्याने सिंगल लिहिलं त्याच्याकडून नको. पण न कळवता लँड होऊ नकोस.

प्रश्न: आम्ही दोघी फतेगंजला राहतो, रूममेट म्हणूनच सगळे ओळखतात. हिला टोरांटोत पीआर मिळालाय, ती गेल्या महिन्यात गेली, मी इकडे. आम्ही ७ महिने एकत्र होतो, नातं ३ वर्षांचं. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर: आहे. पहिल्या प्रश्नात कॉन्जुगलला नाही म्हटलं, तुमच्यासाठी तो प्रकार खरोखर आहे.

२०१८ च्या निकालाने समलैंगिक संबंध गुन्हा राहिला नाही, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क मान्य केला नाही, म्हणजे तुम्ही इकडे लग्न करूच शकत नाही. ही अडचण तुमच्या हातातली नाही, आणि ती कागदावर दाखवता येते. एकत्र वर्ष पूर्ण झालं नाही त्याचं कारणही लिहा, घर कोणी दिलं नाही, घरच्यांची भीती, जे असेल ते खरंखरं. तरी ऑफिसर विचारेल की कॅनडात जाऊन लग्न का नाही केलं, तिकडे २००५ पासून असं लग्न करता येतं. तेव्हा व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज कर. मिळाला तर तिकडे लग्न करा आणि सरळ स्पाउस म्हणून फाइल टाका, कॉन्जुगलपेक्षा कितीतरी सोपं. नाही मिळाला तर तो नकाराचा कागद तुझ्या फाइलमध्ये अडचणीचा पुरावा म्हणून लाव.

रूममेट म्हणून सगळे ओळखतात याची काळजी करू नकोस फार, का लपवावं लागतं हे लिहिता येतं. मात्र ज्यांना माहितीये अशा दोघा-तिघांची पत्रं लागतील, आणि एकमेकींना पाठवलेले पैसे, तिकिटं, ३ वर्षांतले निवडक मेसेज, निवडक म्हणजे दर काही महिन्यांतलं एखादं पान, अख्खं व्हॉट्सॲप नको. पीआर घेताना तिने तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते आधी तिला विचार, कारण वरच्या प्रश्नातलं कलम कॉन्जुगललाही लावायचा प्रयत्न होऊ शकतो. ७ महिने म्हणजे कॉमन-लॉ झालेला नव्हता, हे तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न: ताई, मुलगी लंडनला नोकरी करते, वर्क व्हिसा आहे. तिला तिच्या मित्राला तिकडे न्यायचंय, लग्न नंतर बघू म्हणते. ह्यांना मान्य नाही, मला मुलगा आवडतो. विदाउट मॅरेज नेता येतं का खरंच, की मुलं आम्हाला फसवतायत? (एक आई, रावपुरा)

उत्तर: नाही काकू, फसवत नाहीयेत, येतं नेता. पण मुलगी वर्क व्हिसावर आहे म्हणजे हे फॅमिली व्हिसाचं प्रकरणच नाही, तिच्या व्हिसाला जोडून डिपेंडंट म्हणून तो जाईल, आणि तिच्या कामाचा प्रकार बघावा लागेल, कारण सगळ्याच वर्क व्हिसांवर आता जोडीदार नेता येतो असं नाही, केअर वर्करचं तर मार्च २०२४ पासून बंदच झालं.

अविवाहित जोडीदारासाठी तिकडे २ वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवावं लागतं. पूर्वी २ वर्षं एका घरात राहिलेलं असावं लागायचं, ते ३१ जानेवारी २०२४ पासून काढलंय, आता राहिलेले असतील तर उत्तम, नसतील तर का नाही ते पटवायचं. मुलगी तिकडे कायमची झाली की मग फॅमिली व्हिसा, त्याला तिचा पगार वर्षाला किमान २९,००० पौंड लागतो, ही अट एप्रिल २०२४ ची, आधी १८,६०० होती. त्या बाजूला फियान्से व्हिसाही आहे, ६ महिन्यांचा, त्यात तिकडे लग्न करायचं पण तोवर त्याला काम करता येत नाही, नोकरी सोडून जाणाऱ्या मुलाला ते परवडतं का बघा. अमेरिकेचं विचारलंत शेवटी, तिकडे अविवाहित जोडीदाराला स्पॉन्सर करताच येत नाही, फक्त सिटिझन असेल तर फियान्से व्हिसा आणि पोचल्यावर ९० दिवसांत लग्न.

काकांचं म्हणाल तर त्यांना हा अंक वाचायला द्या, त्यांना मान्य नसलं तरी व्हिसाला त्यांची सही लागत नाही.